अ‍ॅसिडची खोली रिकामी केली तो उन्हाळा

लग्न मोडल्यावर कऱ्हाडात राहणं मला जमेना. बाजारात भाजी घेताना बायका आवाज खाली आणून बोलायच्या, आणि तो खाली आलेला आवाज मला जास्त ऐकू यायचा. म्हणून जिथे कुणी ओळखत नाही अशा गावी नोकरी शोधायची असं मी ठरवलं. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या एका जाहिरातीवरून तंजावूरच्या एका खाजगी कॉलेजात अर्ज केला. रसायनशास्त्राची अधिव्याख्याता हवी होती. मुलाखतीला बोलावणं आलं आणि एक लोखंडी ट्रंक घेऊन मी गेले.

मुलाखतीत तीन माणसं होती. दोघांनी इंग्रजीत प्रश्न विचारले. तिसरे विभागप्रमुख. उंच, सावळे, कपाळावर अंगाऱ्याचं बारीक बोट. सगळं आटोपल्यावर ते पुढे वाकून एकदम मराठीत म्हणाले, "एथे एकल्या राहाल काय, बाई?"

सूर पूर्ण तमिळ होता, शब्द मात्र माझ्या भाषेतले. इतक्या दूर कुणी असं काही विचारेल याची मला कल्पनाच नव्हती. मला हसू आलं. "राहीन," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा जरासा बदलला. पुढचं बोलणं त्यांनी इंग्रजीत केलं, आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं माझ्याशी मराठीचा एक शब्दही काढला नाही. मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत यायचं. शेवटी मीही विचारणं सोडलं. त्यांचं घराणं मराठा राजांच्या काळापासून तिथे आहे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे, हे मला ऑफिसातल्या कारकुनाकडून कळलं होतं. मग माझ्याशीच का बोलत नाहीत? माझ्याबद्दल कऱ्हाडाहून काही कळलं असेल, असं मनात येऊन मी गप्प बसायचे.

मी एका तमिळ कुटुंबाच्या माडीवर राहत होते. घरमालकीण भली होती. सणाला केळीच्या पानात काहीतरी झाकून आणायची आणि मी खाईपर्यंत दारात उभी राहून हसायची. आम्हां दोघींमध्ये बोलण्यासारखं तेवढंच. रविवारी सकाळी एसटीडी बूथवर जाऊन मी आईला फोन करायचे. "जेवतेस ना वेळेवर?" ती विचारायची. "जेवते." काचेबाहेर रांगेतली माणसं घड्याळ बघत उभी असायची.

आठवडाभर मराठी ऐकूच यायची नाही. बोलायला कुणी नसलं की जिभेला गंज चढतो की काय, अशी मला भीती वाटू लागली. प्रयोगशाळेत मी एकटी असले की मोठ्यानं बोलायला लागले. कुणाशी? तर बाटल्यांशी. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची बाटली खालच्या फळीवर ठेवताना म्हणायचे, "तू इथे खालीच बस. वर चढलीस तर कुणाच्या तरी डोक्यावर येशील." अमोनियाची बाटली उचलून दुसऱ्या कपाटात नेताना म्हणायचे, "आणि तू तिच्या शेजारी राहायचं नाहीस. तुम्ही दोघी जवळ आलात की नुसता धूर." आणि खरंच तसं होतं. दोन्ही बाटल्यांतून निसटलेली वाफ हवेत भेटते, पांढरा धूर होतो, आणि काही महिन्यांत आसपासच्या सगळ्या काचांवर पिठासारखा थर बसतो.

नव्वदीच्या दशकाची ती मधली वर्षं. मुलांना रसायनशास्त्र नको होतं. ज्याला त्याला कॉम्प्युटर शिकायचा होता. बसस्टँडच्या भोवती भिंतीभिंतीवर कॉम्प्युटर क्लासचे फलक. आमच्या वर्गात मागचे बाक रिकामे पडत गेले, आणि एका एप्रिलमध्ये व्यवस्थापनाचा निरोप आला: प्रयोगशाळेची मोठी खोली आणि तिच्या मागची रसायनांची खोली जूनपर्यंत रिकामी करून द्यावी. तिथे वातानुकूलित कॉम्प्युटर केंद्र होणार. रसायनशास्त्राला कोपऱ्यातली एक लहान खोली पुरे.

विभागप्रमुख सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. ते इंग्रजीत म्हणाले, "सुट्टीत तुम्ही गावी जाणार असाल."

"नाही, सर. मी इथेच आहे."

"मागच्या मे महिन्यातही इथेच होता."

"हो, सर."

त्यांनी मागच्या खोलीची किल्ली माझ्यापुढे सरकवली.

ती खोली आम्ही सगळे शक्य तितकी टाळत असू. दार उघडलं की नाकात झणझणायचं. अ‍ॅसिडच्या वाफेनं कुलूप, बिजागऱ्या, खिडकीचे गज, सगळं तपकिरी होऊन पोपडे धरलेलं. वर्षानुवर्षं मागवलेल्या आणि न वापरलेल्या बाटल्या. कुणाचं टोपण गंजून तुटलेलं, कुणाची चिठ्ठी वाफेनं खाऊन नुसता पिवळा कागद उरलेला. काही तर फार जुन्या, काचेच्या घट्ट बुचाच्या.

जे चांगलं होतं, बंद होतं, ते मी बाजूला काढलं. एका सरकारी कॉलेजनं ते घेऊन जायचं कबूल केलं. उरलेल्या बाटल्यांचा प्रश्न होता. कारकून येऊन म्हणाला, "मॅडम, कशाला त्रास? मागे नारळाच्या झाडांपलीकडे ओतून टाका. कालव्याला पाणी आलं की वाहून जाईल."

कालवा तेव्हा कोरडा होता. पुढे तो भाताच्या खाचरांत जायचा. उन्हानं तडकलेल्या त्या कालव्याच्या तळात बायका खाली बसून शेण थापताना मी रोज पाहायचे. मी म्हटलं, "नाही. मी निर्विष करूनच सोडीन." तो खांदे उडवून गेला.

काम कठीण नव्हतं, पण त्यात घाई चालत नाही. प्रयोगशाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, उघड्या हवेत, मी प्लास्टिकचे रुंद टब मांडले. आधी टबात भरपूर पाणी. मग त्यात अ‍ॅसिड, बारीक धारेनं, काठाकाठानं. उलट कधीच करायचं नाही. अ‍ॅसिडवर पाणी ओतलं तर ते तापून अंगावर उडतं. मग धुण्याचा सोडा चमच्याचमच्यानं सोडायचा. फेस फसफसून वर येतो, थांबायचं. तो बसला की पुढचा चमचा. फेस यायचा बंद झाला की लिटमसचा निळा कागद बुडवून पाहायचा. तो लाल झाला नाही म्हणजे झालं. टबात मिठाचं पाणी तेवढं उरतं. ते आणखी पाणी घालून गटारात सोडायचं. अंगावर रबरी एप्रन, हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल. मे महिन्यातलं तंजावूर आणि हा सगळा पोशाख. मोज्यांतून घामाचं पाणी ओतावं लागे.

मदतीला कॉलेजातली एक झाडूवाली बाई होती. ती पाण्याच्या बादल्या भरायची. बोअरवेलच्या पंपाला वीज कधी असे कधी नसे, म्हणून मी तिला खुणेनं सांगून ठेवलं होतं की दाराजवळचं मोठं पिंप सकाळी काठोकाठ भरायचं आणि त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही. तिला वाटायचं मी पिण्यासाठी ठेवते. मी पीत नाही हे पाहून ती मान हलवायची.

पहिल्याच आठवड्यात सर आले. कमरेला पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, हातात इंग्रजी वर्तमानपत्र. मला वाटलं काही काम आहे. "यू कॅरी ऑन," म्हणाले, आणि व्हरांड्यात स्टूल टाकून वाचत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच. माझ्यावर लक्ष ठेवायला येतात, असं मी धरून चालले. विश्वास नसेल तर किल्ली कशाला दिली, म्हणून मनातून चिडायचेही. पण माझं तोंड बंद राहायचं नाही. ते कोपऱ्याआड बसलेले असत, मला दिसत नसत, आणि टबाशी वाकले की माझं चालू व्हायचं. "हळू. एवढी काय घाई आहे तुला? बस खाली. बसलास? शहाणा."

महिना संपत आला तेव्हा त्या काचेच्या बुचाच्या जुन्या बाटल्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्या मी मुद्दाम शेवटी ठेवल्या. उन्हाळ्यात आत वाफ कोंडून दाब वाढतो. एक बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर गार पाण्यात उभी ठेवायची, सकाळी तोंडावर जाड फडकं टाकून, तोंड आपल्यापासून दूर धरून, बूच अगदी थोडं फिरवायचं, असं माझं चाललं होतं.

त्या दिवशी मी टबाशी होते. टेबलावर उन्हाची तिरीप आली होती आणि तिथे एक बाटली राहून गेली होती, जी अजून गार व्हायला ठेवायची होती. सर उठून आत आले. मला वाटतं त्यांना हातभार लावायचा होता. मी पाठमोरी होते. गॉगल त्यांनी घेतला होता, पण घामानं तो धुरकट झाला म्हणून कपाळावर सरकवला आणि तापलेल्या त्या बाटलीचं बूच फिरवलं, हे नंतर कळलं. मला ऐकू आला तो फट्‌ असा आवाज आणि मागोमाग त्यांची किंकाळी.

मी वळले तेव्हा ते दोन्ही हात चेहऱ्यावर दाबून उभे होते आणि बाटली फरशीवर फुटून वाफाळत होती. मी त्यांना दंडाला धरून दाराकडे ओढलं. नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. पंप बंद. मी त्यांना पिंपाशी नेलं, खाली बसवलं, डोकं एका बाजूला वळवून माझ्या गुडघ्यावर घेतलं आणि मगानं पाणी ओतायला लागले. उजवा डोळा होता. त्यांनी तो गच्च मिटून घेतला होता.

"सर, ओपन युवर आय. प्लीज ओपन इट."

ते उघडेनात. त्यांचा हात माझं मनगट ढकलत होता. आणि मग ते ओरडले, "अगे, जळतें गे! सोड गे मज!"

मी मराठीत बोलायला लागले ते मला कळलंही नाही. "नाही सोडणार. डोळा उघडा. उघडा म्हणते ना! मी धरते पापणी, तुम्ही वर बघा. वर, पत्र्याकडे."

पापणी बोटांनी ताणून धरली आणि ओतत राहिले. नाकाच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाऊ नये. झाडूवाली बाई धावत कुठून तरी पेलाभर दूध घेऊन आली. "पाल, अम्मा, पाल!" मी मान हलवली. डोळ्यात दूध नाही, सोडा नाही, काही नाही, फक्त पाणी, आणि पुष्कळ वेळ. मी तिला आधी फुटक्या बाटलीकडे बोट दाखवून "तिकडे जाऊ नको" म्हणून खुणावलं आणि मग रिकाम्या बादल्या दाखवल्या. ती दूध तिथेच ठेवून आवाराच्या टोकाला असलेल्या जुन्या विहिरीकडे पळाली.

"पुरे जाहलें," सर म्हणाले.

"नाही पुरे. अजून."

"किती?"

"पुष्कळ. तुम्ही बोलत राहा. हलू नका, बोला."

"काय बोलूं?"

"काहीही. सकाळी काय खाल्लं ते सांगा."

"काय खाणार? भात आणि ताक. बायको गेल्यापासून तेंच." पाणी त्यांच्या कानातून माझ्या साडीत झिरपत होतं. "ती असतां मराठी बोलत होतो. आतां घरांत कोणाशी बोलूं?"

"माझ्याशी का नाही बोललात?" मी विचारलं. हातातला मग ओतत राहिले.

"तुम्ही हांसलां. त्या पहिल्या दिवशी. मी एक वाक्य बोललो आणि तुम्ही हांसलां. मज वाटलें, ह्या पुण्याकडच्या बाईंस आमची मराठी गावंढळ लागली."

माझा हात थांबला. मी पुन्हा मग भरला. "सर, मी आनंदानं हसले होते. आणि मी कऱ्हाडची."

पाणी त्यांच्या डोळ्यातून वाहत होतं, म्हणून बाकी काही सांगता येत नाही.

पिंप तळाला जाईपर्यंत मी ओतलं आणि मग बाईनं आणलेल्या बादल्या ओतल्या. त्यानंतर ऑटोतून त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. वाटेतही मी ओला रुमाल धरून त्यांच्या डोळ्यात पाणी सोडत होते. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. बाहेर येऊन मला इंग्रजीत विचारलं, "धुतलं कुणी?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "लगेच आणि भरपूर धुतलंत म्हणून डोळा राहिला. बुबुळावर डाग राहील, थोडं धूसर दिसेल." मी बाकावर बसले आणि ओल्या साडीचा पदर पिळला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन मी फरशीवर सोडा पसरला, काचा चिमट्यानं उचलल्या. मग राहिलेल्या बाटल्या एकेक करून, पूर्ण गार करून, उघडल्या. त्या दिवसांत मी बाटल्यांशी बोलले नाही. व्हरांड्यातलं स्टूल रिकामं होतं.

संध्याकाळी मात्र सरांकडे जायचे. त्यांच्या डोळ्याला पट्टी होती, वाचायची मनाई. माझ्याकडे आईनं पाठवलेले जुने दिवाळी अंक होते. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती, तिथल्या बहुतेकांना येत नाही. मी वाचायचे, ते झोपाळ्यावर बसून ऐकायचे. मध्येच थांबवायचे. "'वेळापत्रक' म्हणजे काय?" मी सांगायचे. "आम्ही टाइम-टेबल म्हणतों," ते म्हणायचे आणि हसायचे. कधी त्यांचे शब्द मला अडायचे. त्यांच्या तोंडी अशी क्रियापदं होती जी मी फक्त जुन्या पोथ्यांत पाहिली होती, आणि त्यांच्याच शेजारी सांबाराचे, भांड्यांचे, कपड्यांचे तमिळ शब्द खुशाल बसलेले असत.

एकदा ते म्हणाले, "रोज मी कशास येत होतों, तुम्हांस ठाऊक आहे काय?"

"माझ्यावर लक्ष ठेवायला."

"नाही. तुम्ही बाटल्यांशीं बोलत होतां. व्हरांड्यांत ऐकूं येत होतें." त्यांनी झोपाळा पायानं थांबवला. "पेपराचें एकही पान मी उलटलें नाही."

मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. पाच-सहा आठवडे सगळ्या संध्याकाळी अशाच गेल्या. तंजावुरातले माझे ते सगळ्यांत सुखाचे दिवस असं म्हटलं तर चुकणार नाही.

मग त्यांची मुलगी बंगळूरहून आली. तिथल्या एका कॉम्प्युटर कंपनीत होती. वडिलांचा डोळा पाहून ती रडली, आणि एकटं राहायचं नाही असं तिनं त्यांना बजावलं. तिला मराठी समजायची, पण उत्तर ती तमिळमध्ये द्यायची. माझे हात धरून तिनं इंग्रजीत आभार मानले. सरांनी निवृत्तीचं वर्षही पुरं केलं नाही. निघायच्या दिवशी घरासमोर टॅक्सी उभी होती, शेजारचे जमले होते. सर टॅक्सीत बसण्याआधी माझ्याकडे वळले. ते म्हणाले, "येतों, अम्मा." एरवी ते मला मॅडम म्हणायचे.

कॉम्प्युटर केंद्राचं उद्घाटन थाटात झालं. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. माझी नवी प्रयोगशाळा लहान होती, अ‍ॅसिडच्या मोजक्या बाटल्या, आणि दाराजवळ नवं पिंप. नवे विभागप्रमुख तिरुचीहून आले. सज्जन होते. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं.

पुढच्या वर्षी एका परीक्षेच्या कामाला मी बंगळूरला गेले, तेव्हा पत्ता काढून सरांना भेटले. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलगी, जावई कामावर. नातू टीव्हीपुढे. सर खुर्ची खिडकीशी ओढून बसले होते. उजव्या बुबुळावर दुधट ठिपका होता. मला पाहून उठताना त्यांनी वेष्टी सावरली.

"दिसतं का नीट?" मी विचारलं.

"एक डोळा धुक्यांत आहे. दुसरा बरा." मग म्हणाले, "एथे खाली बागेंत मराठी लोक पुष्कळ येतात. मुंबईचे, नागपुरचे. मी बोललो."

"मग? बरं झालं."

"दोन वाक्यें बोललो कीं विचारतात, तुम्ही कोठले? मराठी कोठें शिकलां?" त्यांनी हात झटकला. "आतां मी नुसता चालतों."

मी त्यांना कॉलेजचं सांगितलं, कोण गेलं, कोण आलं. त्यांनी स्वतः कॉफी केली, माझ्या कपात साखर जास्त पडली. निघताना ते लिफ्टपर्यंत आले. "परत या," म्हणाले. मी हो म्हटलं. लिफ्टचं जाळीचं दार ओढलं तरी ते तिथेच उभे होते, जरा वाकून, चांगला डोळा माझ्याकडे करून.

पुन्हा जाणं झालं नाही. दोन वर्षांनी मुलीचं इंग्रजीत पत्र आलं की ते झोपेतच गेले. मी ते प्रयोगशाळेत उभ्यानं वाचलं. तासाला मुलं यायची होती. मी एप्रन घातला, टेबलं पुसली, गॉगल एकेकाच्या जागी मांडून ठेवले. मग मुलं आली आणि मी शिकवायला लागले.